दर एक, पगार दोन

पूर्व भाग, सोलापूर
रविवार

चिरंजीवास अक्काचे अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज मिळाला. सोबतची शीटही उघडली, पण मोबाइलवर आकडे मुंगीएवढे दिसायला लागले म्हणून कन्ना चौकात जाऊन प्रिंट काढून आणली. 35 वर्षं लोकांचे पगार मांडण्यात गेली, कागदावर लाल पेन्सिल फिरवल्याशिवाय मला हिशेब पटत नाही. आई कशी आहे ते लिहिलं नाहीस. गड्ड्याच्या जत्रेला गेलास की नाही तेही नाही. नोकरीला लागून सहा महिने झाले नाहीत तोवर नुसतं कामाचंच बोलायला लागलास.

असो. तुझं म्हणणं मला कळलं ते असं. तुमच्या कारखान्याचे टॉवेल घेणाऱ्या परदेशी गिऱ्हाइकाचं ऑडिट यायचंय. त्यांच्या फॉर्ममध्ये स्त्री-पुरुषांच्या वेतनातला फरक आणि त्याची कारणं असा रकाना आहे. तू सरासरी काढलीस तर बायकांच्या हातात पुरुषांपेक्षा बरेच कमी पडतात. मग तू खातं वेगळं केलंस, श्रेणी वेगळी केलीस, नोकरीची वर्षं आणि ओव्हरटाइम बाजूला काढलास, आणि शेवटी फरक उरला तो चहापाण्याएवढा. तेव्हा 'फरक नाही' असं लिहू का, हा तुझा प्रश्न.

त्याच मेसेजच्या शेवटी, जाता जाता, तू आणखी एक लिहिलंस. चेकिंगमधली एक बाई तुझ्या टेबलाशी आली आणि म्हणाली, "साहेब, दर एकच हाय न्हवं? मग माझ्या हातात कमी का?" तू म्हणालास, तुम्ही ओव्हरटाइमला थांबत नाही म्हणून. ती काही न बोलता गेली. ती काही न बोलता गेली हे तू लिहिलंस म्हणून मी पत्र लिहायला बसले. नाहीतर फोनवरच 'लिही फरक नाही' म्हणून मोकळी झाले असते.

तुझी वजाबाकी बरोबर आहे. मी दोनदा तपासली. पण बाळा, आपण कारणं एकेक करून वजा केली म्हणजे ती कारणं कारखान्यातून निघून गेली असं होत नाही. पावसाळ्याचे महिने बाजूला काढून सोलापुरात पाऊस पडत नाही असं म्हणण्यासारखं आहे ते. त्या फॉर्ममध्ये विचारलंय कारणं काय, आणि तू नेमकी तीच बाजूला ठेवून उरलेल्यावर सही करायला निघालास.

मी हे लहानपणापासून बघत आलेय, म्हणून जरा लांबून सुरुवात करते.

आमच्या घरात नाना यंत्रमागावर चादरी विणायचे आणि अम्मा विड्या वळायची. पूर्व भागात तेव्हा दहातली आठ घरं अशीच असतील. घरात तेलुगू, शाळेत मराठी, आणि पगार दोघांचाही नगावर. नानांना विणलेल्या नगाप्रमाणे, अम्माला हजार विड्यांप्रमाणे. म्हणजे मालकानं कोणाला जास्त दिले, कोणाला कमी दिले हा प्रश्नच नव्हता. जेवढं काम तेवढे पैसे. अम्माच्या कार्डावर 'बाईचा दर' असं कुठंही लिहिलेलं नव्हतं.

आता अम्माचा हजार कसा व्हायचा ते सांगते. रात्री तेंदूची पानं भिजत घालायची. पहाटे ती ओल्या फडक्यात गुंडाळायची. आमचे डबे, पाणी, भाकरी उरकल्या की पत्र्याचा साचा ठेवून कात्रीनं पानं कापायची. मग सूप मांडीवर. पानात तंबाखू, अंगठ्यानं वळ, टोक दुमड, दोऱ्याचा वेढा. बघायची नाही त्याच्याकडे. डोळे माझ्या वहीवर आणि तोंडानं पाढे घोकून घेणं चालू. मध्येच दूधवाला, मध्येच आजीचं औषध, मध्येच नळाला पाणी. सोलापुरात नळाला पाणी आलं की सगळं सोडून धावायला लागतं, हे तुला सांगायला नको. पाऊणशे विड्या झाल्या की उठ, दीडशे झाल्या की उठ. दुसऱ्या दिवशी कारखान्यात रांगेत उभं राहून माल द्यायचा. तिथला माणूस हातात जुडी घेऊन दाबून बघायचा आणि वाईट म्हणून काही बाजूला टाकायचा. त्या टाकलेल्या विड्यांचे पैसे नाहीत. पानं खराब निघाली तर बाजारातून पदरच्या पैशांनी आणायची.

नानांची पाळी 12 तासांची. ते सलग 12 तास मागापाशी असायचे, डबा तिथं जायचा. तो डबा कोणी करून पाठवला हे त्यांच्या पगारात कुठंच दिसत नाही आणि अम्माच्याही पगारात दिसत नाही. अम्माचे हात नानांपेक्षा हळू नव्हते. तिच्या दिवसाला भोकं होती, एवढंच.

हे एक. दुसरं असं की हजार विड्यांचा दर मुळात ठरतो कसा? ते काम घरबसल्याचं, बायांचं, 'फावल्या वेळातलं' मानलेलं. माग चालवणं हे कसब, विडी वळणं ही हाताची सवय. एकदा असं ठरलं की मग त्या कामात पुरुष नसल्यामुळं फरक मोजायलासुद्धा कोणी मिळत नाही. तुझी शीट अम्माच्या कारखान्याला लावली असतीस तर फरक शून्य आला असता. अमेरिकेच्या 1950 ते 2000 पर्यंतच्या जनगणनांवरून तिकडच्या अभ्यासकांनी एक गोष्ट दाखवली आहे, की एखाद्या धंद्यात बायका वाढत गेल्या की त्या धंद्याचा मेहनतानाच पुढं घसरत जातो. शिक्षण आणि कौशल्य तेच असलं तरी. मला त्यात नवल वाटलं नाही.

आता माझं स्वतःचं. हे मी फार कमी जणांना सांगितलंय.

1984 साली मी बी.कॉम. होऊन एका कारखान्याच्या ऑफिसात कारकून म्हणून लागले. नाव घेत नाही. पगार ठरला 450 रुपये. माझ्यानंतर तीन आठवड्यांनी एक मुलगा लागला, तोही बी.कॉम., टक्के माझ्यापेक्षा कमी. त्याला 525. मला हे कळलं ते पगारपत्रक मीच करायची म्हणून. पहिल्या महिन्याला त्याची ओळ भरताना मी आकडा दोनदा बघितला. वाटलं मालकांनी लिहिताना चूक केली असेल, म्हणून चिठ्ठी परत नेली. चूक नव्हती.

दोन वर्षं काही बोलले नाही. मग एका दिवाळीच्या बोनसच्या वेळी धीर करून विचारलं. मालक वाईट माणूस नव्हता. अगदी साधेपणानं म्हणाला, "अगं, त्याच्यावर घर आहे." नानांना दम्यामुळं मागावरून घरी बसवून तेव्हा दीड वर्ष झालं होतं. दोन भाऊ शाळेत. घर माझ्यावर होतं आणि त्या मुलाचे वडील जिल्हा परिषदेत नोकरीला होते. हे सगळं मालकाला माहीत होतं. तरी त्याला ते दिसलं नाही, कारण घर पुरुषावर असतं हे त्याच्या डोक्यात आधीच छापून ठेवलेलं होतं.

75 रुपये. आता गंमत बघ. आम्हाला दोघांनाही दरवर्षी 10 टक्के वाढ मिळायची, अगदी सारखी. 10 वर्षांनी तोच फरक 195 रुपयांच्या घरात गेला. कोणी नव्यानं अन्याय केला नाही, टक्केवारीनंच तो वाढवला. पुढं मी ती नोकरी सोडून टॉवेलच्या कारखान्यात आले. तिथं पहिला प्रश्न, आधी किती मिळायचे? मी खरं सांगितलं. त्यावर पंधरा टक्के वाढवून दिले आणि मी खूष होऊन घरी पेढे नेले. ते 75 रुपये पदराच्या गाठीला बांधून मीच नव्या ठिकाणी घेऊन गेले होते, हे कळायला मला बरीच वर्षं लागली. म्हणून तुला पहिली गोष्ट सांगते: भरतीच्या फॉर्मवर 'आधीचा पगार' हा रकाना असेल तर तो काढून टाकायला सांग. ऐकतील न ऐकतील, पण सांग. कामाचा जो दर आहे तो छापून दाराशी लाव. मला त्या दिवशी पत्रक करायला मिळालं नसतं तर आजही माहीत झालं नसतं.

आता तुझ्या शीटकडे येते. लाल पेन्सिलीनं तीन ठिकाणी खुणा केल्यात.

पहिली खूण श्रेणीच्या रकान्यावर. तुझ्याकडे मागवाले आणि मागांची देखभाल करणारे जॉबर कुशल, सगळे पुरुष. हेमिंगच्या, म्हणजे टॉवेलच्या कडा शिवणाऱ्या बाया अर्धकुशल. चेकिंग आणि घडी-पॅकिंग अकुशल, त्या सगळ्या बाया. तू श्रेणी बाजूला काढलीस आणि फरक पुसला गेला. पण ही श्रेणी लिहिली कोणी? मी सांगते, माझ्यासारख्यांनी. नवीन माणूस आला की मुकादम तोंडी सांगायचा आणि मी लिहायची. एक बाई चेकिंगमध्ये 14 वर्षं होती. उजेडाकडे टॉवेल धरला की तुटलेली तार, डाग, लूप निसटलेली जागा, सगळं तिला एका नजरेत कळायचं. तिच्या हातून गेलेला माल कधी परत आला नाही. ती अकुशल. आणि गोदामात हातगाडी ओढणारा पोरगा दोन वर्षांत अर्धकुशल झाला, कारण गाडी 'मशीन' होती. मीच लिहिलंय हे माझ्या अक्षरात. तेव्हा माझ्या हाताला काही खटकलं नाही. स्वतःच्या 75 रुपयांवर रात्र रात्र जागणारी मी, तिच्या ओळीवर पेन अडलं नाही माझं.

कायद्यात यावर शब्द आहेत. संविधानाच्या 39व्या कलमात समान कामाला समान वेतन हे तत्त्व आहे. 1976 च्या समान वेतन कायद्यात 'समान किंवा समान स्वरूपाचं काम' असं म्हटलं होतं आणि 2019 च्या वेतन संहितेतही तोच धागा आहे. 'समान स्वरूपाचं' हा शब्द नीट वाच. 1987 साली सुप्रीम कोर्टात मॅकिनन मॅकेन्झी कंपनीविरुद्ध ऑड्रे डिकॉस्टा यांचा खटला झाला. त्या स्टेनो होत्या. पुरुष स्टेनोंना जास्त पगार. कंपनी म्हणाली, या बायका साहेबांच्या खासगी स्टेनो, त्यांचं काम वेगळं. शिवाय पगार युनियनशी करार करून ठरवलाय, आणि वर आम्हाला परवडत नाही. कोर्टानं यातलं काहीही ऐकलं नाही. नुसतं नाव वेगळं ठेवल्यानं काम वेगळं होत नाही, हे त्यातून घ्यायचं. मात्र एक कबूल करते: चेकिंग आणि माग ही कामं कायद्याच्या भाषेत 'समान स्वरूपाची' ठरतील असं मला वाटत नाही. कायदा इथवरच येतो. त्यापुढं काम कसं तोलायचं हे कारखान्यातल्या माणसांनीच बसून ठरवायला लागतं, आणि त्या बैठकीला चेकिंगमधली कोणी नसते.

दुसरी खूण रात्रपाळीच्या भत्त्यावर. तो रकाना बायांच्या ओळीत कोरा आहे. 1948 च्या कारखाना कायद्यानं बायांना संध्याकाळी 7 ते सकाळी 6 कामावर ठेवायला मनाई केली होती. महाराष्ट्रानं 2015 च्या दुरुस्तीनं सुरक्षेच्या अटी घालून ती सैल केली. पण नियम सैल झाला म्हणून रिवाज सैल झाला असं नाही. आणि नुकसान फक्त भत्त्याचं नाही. जॉबर व्हायचं तर रात्री एकट्यानं खातं सांभाळलेलं लागतं, असं तुमच्याकडे म्हणतात की नाही? मग बाई जॉबर होणार कधी? संरक्षणासाठी केलेला नियम शिडीची एक पायरी काढून घेतो, हे त्या काळी कोणाच्या मनात नसेल. आता तरी असावं.

तिसऱ्या खुणेआधी एक फाटा. तुझ्या मॅनेजरनं तुला सांगितलं म्हणे, की बाई परमनंट केली की 26 आठवडे अंगावर पडतात, म्हणून आपण त्यांना ठेकेदाराकडे ठेवतो. हे मी शेकडो वेळा ऐकलंय आणि ऐकताना दर वेळी हसू येतं. 2017 च्या दुरुस्तीनं बाळंतपणाची पगारी रजा 12 वरून 26 आठवडे झाली हे खरं. ऑफिसातल्या मोठ्या पगाराच्या बाईला ती मालकाच्या खिशातून द्यावी लागते, तेही खरं. त्यामुळं मुलाखतीत 'लग्न ठरलंय का' हा प्रश्न गोड आवाजात विचारला जातो. कायदा चांगला, पण सगळा भार एकट्या मालकावर टाकल्यानं त्याचा तो हिशेब सुरू झाला. मात्र तुझ्या शीटवरच्या चेकिंग, हेमिंग, पॅकिंगच्या झाडून सगळ्या बाया इएसआयमध्ये, म्हणजे सरकारी कामगार विम्यात आहेत. 2017 पासून इएसआयची पगाराची मर्यादा महिना 21,000 आहे आणि यांचा पगार तिच्या कितीतरी खाली. त्यांच्या रजेचे पैसे इएसआय देते, मालक नाही. मॅनेजरला हे माहीत नसेल असं मला वाटत नाही.

ठेकेदाराचं खरं कारण बऱ्याचदा वेगळं असतं. तीसपेक्षा जास्त बाया कामावर असल्या की कारखान्याला पाळणाघर काढावं लागायचं. मी ज्या ठिकाणी होते तिथं माझ्या हजेरीपटावर बाया नेहमी 30. एकतिसावी आली की ती ठेकेदाराची. त्या 30 च्या आकड्याची मला सवय झाली होती, तारखेसारखी.

तिसरी खूण, ओव्हरटाइम. तुझ्या शीटमध्ये फरकाचा सगळ्यात मोठा तुकडा इथंच आहे आणि त्या बाईला तू हेच उत्तर दिलंस. ओव्हरटाइमला दर दुप्पट, म्हणजे रोज तीन तास थांबणाऱ्याला सहा तासांचे पैसे. पुरुषांची नावं आहेत, बायांची तीन-चारच. तू लिहिलंस, 'विचारलं तर नको म्हणतात.'

आमच्याकडेही नको म्हणायच्या. 2009 च्या दिवाळीआधी मोठी ऑर्डर आली. पाळी साडेतीनला सुटायची, साडेसहापर्यंत ओव्हरटाइम. मुकादम 22 जणींना विचारून आला, कोणी तयार नाही. मालक वैतागला, "यांना पैसा नको असतो!" मी पगाराच्या खिडकीत बसायची, बाया माझ्याशी बोलायच्या. एकीनं सांगितलं, "अक्का, कंपनीची गाडी पावणेचारला जाती. साडेसहाला काय हाय?" काहीच नव्हतं. हायवेवर उभं राहायचं, मिळेल ती रिक्षा धरायची, स्टँडवर उतरून दुसरी धरायची. पुरुष मोटारसायकलवर यायचे, दोघं दोघं मिळून. त्यांना गाडीचं वेळापत्रक पाठ नव्हतं कारण त्यांना ते लागतच नव्हतं. मी मालकाला म्हटलं, पंधरा दिवस एक टेम्पो पावणेसातला सोडा. सोडला. 22 पैकी 13 जणी थांबल्या.

ऑर्डर गेली, टेम्पो बंद झाला, पुढच्या महिन्यापासून पुन्हा 'यांना पैसा नको असतो'.

आणि उरलेल्या 9? टेम्पो होता तरी त्या गेल्याच. घरी लहान पोर, अंथरुणावरची सासू, सहाला येणारं पाणी. देशात 2019 साली लोकांच्या वेळेची पाहणी झाली होती. घरच्यांसाठी बिनपगारी घरकाम करणाऱ्या बायका त्यात दिवसाला सरासरी 299 मिनिटं घालवत होत्या, पुरुष 97. आणि ही सरासरी जे करतात त्यांच्यातली. त्या दिवशी असं काम केलेले पुरुष होते चारातला एक. 299 मिनिटं म्हणजे पाच तासाला एक मिनिट कमी. तुमचा ओव्हरटाइम तीन तासांचा. त्या बाईचा तो रोज होतो, फक्त तुझ्या मस्टरवर नाही. (तुझ्या घरी भाकरी कोण थापतं ते मी विचारत नाही. तुझी आई मला सांगते.)

2023 चं अर्थशास्त्राचं नोबेल क्लॉडिया गोल्डिन यांना मिळालं, ते याच विषयावर. त्यांनी अमेरिकेतली दोनशे वर्षांची कागदपत्रं चाळली. त्यांचं एक म्हणणं मला फार पटलं. आजकाल मोठा फरक 'त्याच कामाला तिला कमी' असा नसतो. जो माणूस केव्हाही, कितीही वेळ हजर राहू शकतो त्याला काही कामं तासाच्या हिशेबानं फार जास्त देतात, आणि घरात दोघांपैकी एकालाच तसं राहता येतं. त्यांनी आणखी दोघांबरोबर शिकागोच्या एमबीए झालेल्या मुलामुलींचा अभ्यास केला. सुरुवातीला पगार जवळजवळ सारखे. दहा-पंधरा वर्षांनी मोठी दरी. कामात पडलेला खंड आणि कामाचे तास, हीच त्यातली मोठी कारणं, आणि दोन्हीच्या मागं बहुतेक वेळा मूल. डेन्मार्कसारख्या देशातसुद्धा, जिथं पाळणाघरं आहेत, रजा आहेत, पहिल्या मुलानंतर बाईची कमाई खाली येते आणि पुढं कितीतरी वर्षं सुमारे 20 टक्के खालीच राहते. बापाच्या कमाईला काही होत नाही.

तुझ्या वयाला पटेल असं सांगू? उबरचं भाडं मोबाइल ठरवतो, त्याला चालक बाई आहे की पुरुष हे माहीत नसतं. तरी अमेरिकेत दहा लाखांहून जास्त चालकांचे हिशेब बघितले तेव्हा पुरुषांची तासाची कमाई सुमारे 7 टक्क्यांनी जास्त निघाली. पुरुष जरा वेगानं चालवतात, जास्त काळ टिकल्यामुळं कुठं थांबायचं ते शिकतात, आणि बायका ज्या भागात, ज्या वेळी जायला कचरतात तिथं जातात. मला ते वाचून अम्माचा हजार आठवला.

हे सगळं सांगितलं म्हणून प्रत्येक फरक मालकाची लबाडी आहे असं समजू नकोस. तसं लिहिलंस तर तुझी नोकरी जाईल आणि ते खरंही नसेल. एखादी मुलगी दोन वर्षं कामातून बाहेर होती, तिला त्या दोन वर्षांचा अनुभव नाही, तेवढा फरक कोणीही देईल. काही बाया खरोखर मनापासून नको म्हणतात, जसे काही पुरुषही म्हणतात. फरक आणि अन्याय हे दोन वेगळे शब्द आहेत. पण कुठला फरक कशाचा, हे शोधायच्या आधीच 'त्यांची मर्जी' म्हणून टाकणं हे मला आळशीपणाचं वाटतं. आळशीपणा म्हणते, वाईटपणा नाही. मी स्वतः तो 35 वर्षांतली निदान 20 वर्षं केलाय.

तेव्हा त्या रकान्यात दोन्ही आकडे लिही. आधी सरासरीतला पूर्ण फरक, मग श्रेणी, रात्रपाळी, ओव्हरटाइम काढल्यावर उरणारा. आणि मधल्या प्रत्येक टप्प्याला किती रुपये गळतात ते लिही. श्रेणीत एवढे, ओव्हरटाइमात एवढे. मॅनेजर म्हणेल, एवढं कशाला? त्याला सांग, ऑडिटवाले मस्टर मागतातच, त्यांनी शोधण्यापेक्षा आपण दाखवलेलं बरं. हे कारण त्याला समजेल. श्रेणीचं प्रकरण एका महिन्यात सुटणार नाही, त्याला हात घालण्याआधी चेकिंगमध्ये आठ दिवस जाऊन बस आणि त्या काय करतात ते लिहून काढ. पाळणाघराचा विषय तू काढू नकोस, अजून कच्चा आहेस. ऑडिटवाल्याला काढू दे.

ठेकेदाराच्या बायांचा पीएफ भरला जातो का, ते मात्र गुपचूप बघून ठेव. पेन्शनला 10 वर्षांची नोकरी लागते, आणि लग्न ठरलं की पीएफ काढून दागिना करायची आपल्याकडे पद्धत. म्हातारपणी पुन्हा तोच फरक, आणि तेव्हा तो मांडायला कुठलं पगारपत्रकही नसतं.

राहिली ती चेकिंगची बाई. ती कुंभारीहून येते असं तू लिहिलंस. कॉम्रेड गोदूताई परुळेकर वसाहत, विडी कामगारांची दहा हजार घरं. म्हणजे तिचीही आई विड्या वळत असणार, किंवा ती स्वतः वळून आता टॉवेलवर आली असेल. कुंभारी शहराच्या एका टोकाला आणि तुमची चिंचोळी एमआयडीसी दुसऱ्या टोकाच्याही पलीकडे, पुण्याच्या रस्त्याला. तिला लगेच काही सांगायला जाऊ नकोस. तू दिलेलं उत्तर तिला तुझ्याआधी माहीत होतं.

पुढच्या आठवड्यात एक दिवस मोटारसायकल घरी ठेव. साडेसहाला गेटमधून बाहेर पड आणि तिथून कुंभारीला जा, कोणाला फोन न करता, ओला-उबर न बोलावता. वसाहतीत पोचलास की घड्याळ बघ आणि किती वाजले ते मला कळव. उशीर झाला तरी कर फोन, मी जागी असते.

तुझी,
अक्का